स्वमग्नतेची तपासणी : शिक्क्याची भीती आणि दाखल्याचे मोल

आपल्या संस्थेच्या स्मरणिकांतून धम्म, चळवळ, शिक्षण आणि माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी या विषयांवर आजवर पुष्कळ लेखन झाले आहे, आणि ते योग्यच आहे. या वेळी मी थोडा निराळा विषय घेतला आहे. आपल्या वसतिगृहात वाढलेली मुले-मुली आता स्वतः आईबाप झाली आहेत. मेळाव्यात पंगत उठल्यावर एखादे जोडपे बाजूला घेऊन हळू आवाजात विचारते, "सर, बाळ अडीच वर्षांचे झाले, अजून बोलत नाही. हाक मारली तर वळून पाहत नाही. डॉक्टर म्हणतात, तपासणी करून घ्या. घरचे म्हणतात, काही गरज नाही. काय करावे?" मी वैद्य नाही, इतिहासाचा शिक्षक आहे. तथापि शाळेच्या दारात मूल येते तेव्हा त्याची आधीची चार-पाच वर्षे कशी गेली याचा परिणाम आम्हा शिक्षकांच्या रोज नजरेस पडतो. म्हणून हा प्रश्न जेवढा समजून घेता आला तेवढा येथे मांडतो.

ऑटिझमला मराठीत ‘स्वमग्नता’ असा शब्द रूढ झाला आहे. शब्द सुंदर आहे, पण थोडा फसवाही आहे. स्वतःत मग्न म्हटले की आपल्या मनासमोर ध्यानस्थ मुद्रा उभी राहते, आणि "आमचा नातू साधुपुरुष आहे, कोणाच्या अध्यातमध्यात नसतो" अशी समजूत करून घेणे सोपे जाते. वस्तुतः हे मूल जगापासून विरक्त झालेले नसते. इतर मुलांना माणसांचे चेहरे, आवाज, हावभाव यांचा अर्थ जसा न शिकवता उमगतो, तसा तो त्याला उमगत नाही. त्याच्या मेंदूची घडण जन्मापासूनच निराळी असते. कुकरची शिट्टी, ढोलाचा आवाज, नव्या कापडाचा स्पर्श असे काही त्याला आपल्यापेक्षा कितीतरी अधिक बोचते. एखादे मूल मात्र पडून रक्त आले तरी रडत नाही. २०१३ पासून वैद्यकशास्त्र या सर्व प्रकारांना मिळून एकच नाव देते, कारण त्यांत पुष्कळ छटा आहेत. एखाद्याला आयुष्यभर सांभाळावे लागते, तर एखादा पदवीधर होऊन नोकरी करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक स्वमग्न आहे. म्हणजे आपल्या मेळाव्याला जमणाऱ्या कुटुंबांतही अशी मुले असणारच.

ओळखावे कसे? बोलणे हे आपण पहिले लक्षण मानतो, परंतु त्याच्या आधीच्या गोष्टी अधिक महत्त्वाच्या असतात. वर्षाच्या आसपासचे मूल नावाने हाक मारली की वळते, टाटा करते, टाळ्या वाजवते. त्यानंतरच्या महिन्यांत ते बोट दाखवू लागते, आणि हे बोट दोन प्रकारचे असते. बिस्किटाच्या डब्याकडे दाखवलेले बोट मागण्यासाठी असते. आभाळातल्या चांदोबाकडे किंवा पत्र्यावरच्या काऊकडे दाखवलेले बोट मात्र काही मागत नाही. "मी पाहिले, तूही पाहा" एवढेच ते सांगते. दाखवून झाल्यावर मूल आईच्या तोंडाकडे पाहते. हे दुसरे बोट आणि त्यामागून येणारी ती नजर दीड वर्षापर्यंत दिसली नाही, तर तपासणीचे कारण आहे असे समजावे. स्वमग्न मूल पुष्कळदा बोट न दाखवता आईचा हात धरून तो हात एखाद्या वस्तूसारखा डब्यापर्यंत नेते. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांचे स्वतःचे वाक्य नाही, भातुकलीसारखा खोटाखोटा खेळ नाही, गाडी चालवण्याऐवजी तिचे चाकच फिरवत राहणे, चपला वा डबे एका ओळीत लावणे आणि ओळ मोडली की आकांत करणे, विचारलेला प्रश्नच परत म्हणणे, ही इतर लक्षणे. यांतील एखादे लक्षण कोणत्याही मुलात असू शकते. अनेक लक्षणे एकत्र दिसली, किंवा आलेले शब्द पुन्हा गेले, तर मात्र एक महिनाही थांबू नये. आलेले बोलणे हरवणे ही कोणत्याही वयात गंभीर बाब आहे.

मुलींबाबत एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. निदान झालेल्यांत मुलगे मुलींच्या तिप्पट-चौपट आढळतात. पण मुलींची स्वमग्नता लक्षात येत नाही, हेही त्याचे एक कारण आहे. गप्प बसणारी, एका कोपऱ्यात खेळणारी मुलगी आपल्याकडे ‘गुणाची’ ठरते.

आता ‘थांबा’ म्हणणाऱ्यांकडे वळू. घरोघरी एक काका असतोच, जो पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता आणि आज तालुक्याला वकिली करतो. त्या काकाचे खरे असेल. उशिरा बोलून पुढे सर्वसाधारण वाढलेली मुले असतातच. परंतु आपले मूल त्या काकासारखे आहे की नाही, हे ठरवण्यासाठीच तपासणी असते. मग वेखंड उगाळून चाटवणे, जिभेखालचा पडदा कापून आणणे, अंगारा, गंडा हे सुरू होते. जिभेखालच्या पडद्यामुळे क्वचित उच्चारात दोष येतो. हाकेला न वळणे किंवा बोट न दाखवणे त्याने घडत नाही. मोबाइलचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. वाळूजच्या कारखान्यांत आईबाप दोघेही पाळीने कामाला जातात आणि बाळ दिवसभर पडद्यासमोर बसते, तेव्हा त्याचे बोलणे मागे पडते, यात शंका नाही. तो पडदा बंद करावाच. पण मोबाइलमुळे स्वमग्नता होते असे नाही, आणि "मोबाइल बंद करून सहा महिने पाहू" म्हणत तपासणी पुढे ढकलणे नुकसानीचे आहे. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात करता येतात.

या विलंबामागे आळस क्वचितच असतो. बहुधा असते ती अपराधाची भावना. तिचा इतिहास सांगितला पाहिजे, कारण ती आपोआप जन्मलेली नाही. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि ऑटिझम या नावाने ही अवस्था जगापुढे आली. त्या अकरांपैकी काही मुलांना आधी बहिरे समजले गेले होते. आजही आपल्याकडे पहिली शंका हीच येते. त्याच्या बरीच वर्षे आधी, १९२५ मध्ये, मॉस्कोमध्ये ग्रुन्या सुखारेवा या महिला डॉक्टरांनी अशाच सहा मुलांचे बारकाईने वर्णन केले होते. ते अनेक दशके दुर्लक्षित राहिले. इतिहासात कोणाचे नाव उरते आणि कोणाचे पुसले जाते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. कॅनर यांच्यानंतरच्या काळात या अवस्थेचा दोष आईवर टाकण्याची प्रथा पडली. आई मायेने थंड, म्हणून मूल स्वतःत मिटले, असा तो सिद्धान्त. ब्रुनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने तो लोकप्रिय केला. त्याआधीच, १९६४ मध्ये, स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी ही अवस्था शारीरिक आहे अशी मांडणी केली होती. १९७७ मध्ये सुसान फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या एकवीस जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या अकरा जोड्यांपैकी चार जोड्यांत दोघेही स्वमग्न निघाले. वेगळ्या जुळ्यांच्या दहा जोड्यांत असे एकदाही घडले नाही. बीज आनुवंशिकतेत आहे, आईच्या वागण्यात नाही, याचा तो ठळक पुरावा होता. पुढे १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात केवळ बारा मुलांवरील एका लेखाने गोवराच्या लसीवर संशय घेतला. तो लेख २०१० मध्ये नियतकालिकाने मागे घेतला. अफवा मात्र अजून फिरते आणि काही पालक बाळाचा पुढचा डोस चुकवतात.

आपल्याकडे आईवरच्या दोषाला आणखी एक जोड मिळते, ती मागल्या जन्माच्या पापाची. बौद्ध कुटुंबांतही हे कानावर येते, याचे मला दुःख होते. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त तपासून नाकारला. जन्मतः आलेल्या हीन स्थितीचे खापर त्या माणसाच्याच माथी फोडणारी ही विचारसरणी बुद्धाची असू शकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. अस्पृश्यतेबाबत जे आपण मानले नाही, ते मुलाच्या दिव्यांगत्वाबाबत मानावे, यात संगती नाही. मज्झिम निकायातील मालुंक्यपुत्ताची कथा आपल्यापैकी अनेकांनी विहारात ऐकली असेल. विषारी बाण लागलेला माणूस वैद्याला बाण काढू देत नाही. तो कोणी मारला, मारणारा कोणत्या कुळाचा, धनुष्य कशाचे, हे आधी सांगा म्हणतो आणि तेवढ्यात प्राण जातो. ‘असे का झाले, कोणाच्या घराण्यातून आले’ या चर्चेत सासर-माहेर वर्ष घालवतात तेव्हा ही कथा आठवते.

तपासणी म्हणजे नेमके काय, याबद्दल बराच गोंधळ आहे. प्राथमिक चाळणी, निदान आणि प्रमाणपत्र या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत. एकीचे काम दुसरी करत नाही.

प्राथमिक चाळणी अंगणवाडीतही होऊ शकते. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. या कार्यक्रमाचे डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब या चारही बाबी त्याने पाहायच्या असतात. शंका आल्यास मुलाला पुढे पाठवायचे, आणि त्यासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. ही सेवा विनामूल्य आहे. पथक कधी येणार हे अंगणवाडीताईंना ठाऊक असते. त्या दिवशी मूल घरी झोपलेले असेल तर संधी सहा महिने पुढे जाते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे यात सर्वांत मोठे नुकसान होते. दिवाळीच्या सुमारास टोळी कारखान्यावर जाते, उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. गावच्या अंगणवाडीच्या पटावर नाव आहे आणि मूल फडावर. अशा पालकांनी पथकाची वाट पाहू नये. गावी असताना प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन थेट मोठे रुग्णालय गाठावे.

आपल्या शहरात सामान्य माणसाचे मोठे रुग्णालय म्हणजे घाटी, अर्थात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय. बालरोग विभागाच्या बाह्यरुग्ण खिडकीवर केसपेपर काढून सुरुवात करावी. तेथून बहुधा पहिल्यांदा कान तपासायला पाठवतात. पालक यावर चिडतात: "टीव्हीवरची जाहिरात लागली की धावत येतो, बहिरा कसा असेल?" तरीही ही पायरी गाळू नये. काही आवाज ऐकू येणे आणि बोलण्यातील सर्व वर्ण ऐकू येणे यांत फरक आहे. ‘बेरा’ नावाच्या चाचणीत मूल झोपेत असताना डोक्याला तारा लावून आवाजाचा मेंदूपर्यंतचा मार्ग पाहतात. तिने इजा होत नाही. मूल झोपलेले असावे लागते, म्हणून आदल्या रात्री त्याला थोडे उशिरा झोपवून न्यावे.

त्यानंतर मुख्य मूल्यमापन होते. स्वमग्नता दाखवणारी रक्ताची चाचणी नाही आणि डोक्याचा फोटोही नाही. फिट येत असेल किंवा डॉक्टरांना अन्य शंका असेल तरच एमआरआय वा ईईजी करतात. निदान होते ते दोनच गोष्टींवरून: पालकांनी सांगितलेला इतिहास आणि तज्ज्ञाने केलेले निरीक्षण. म्हणूनच त्याला वेळ लागतो. गर्भारपण कसे गेले, बाळ जन्मताच रडले का, मान कधी धरली, केव्हा बसले, पहिला शब्द कोणता, हे सारे विचारतात. मग मुलाला खेळणी देऊन त्याच्याशी खेळतात. पालकांना तो नुसता खेळ वाटतो; तज्ज्ञ मात्र मूल मदत कशी मागते, नजर कोठे नेते, खेळणे काढून घेतल्यावर काय करते, हे टिपत असतो. मुलाची एकूण वाढ पाहण्यासाठी आणखी काही मापनश्रेणी वापरतात. त्यांत आपल्या परिसराचा वाटा आहे, हे शिक्षक म्हणून मला मुद्दाम सांगावेसे वाटते. अमेरिकेतील व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीचे भारतीय रूप नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रात डॉ. मॅलिन यांनी तयार केले, आणि भारतीय अर्भकांच्या विकासाची श्रेणी बडोद्यात प्रमिला फाटक यांच्या संशोधनातून उभी राहिली. आपली मुले परक्या मापाने मोजली जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू होता.

स्वमग्नतेसाठी भारतात एक स्वतंत्र श्रेणी आहे. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झालेल्या या श्रेणीत चाळीस बाबी आहेत: सामाजिक संबंध, भावनिक प्रतिसाद, भाषा, वर्तन, संवेदना आणि आकलन अशा सहा विभागांत. प्रत्येक बाबीला एक ते पाच गुण. बेरीज सत्तरच्या खाली असेल तर स्वमग्नता नाही असे धरतात. सत्तर ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र. येथे गुण जास्त म्हणजे अडचण जास्त; शाळेच्या गुणपत्रिकेची सवय असलेले पालक हे उलटे वाचतात. ही श्रेणी साधारणतः तीन वर्षांपुढील मुलांसाठी आहे. त्याहून लहान मुलांची तपासणी होत नाही, असा याचा अर्थ नव्हे. अनुभवी तज्ज्ञ दोन वर्षांच्या आसपासही भरवशाने निदान करू शकतात.

जाताना काय न्यावे? लसीकरणाचे कार्ड, जन्माच्या वेळचा रुग्णालयाचा कागद, आणि एक वही, जिच्यात मुलाच्या सवयी तारखेसह लिहिलेल्या असतील. ज्या मोबाइलला आपण दोष देतो तो येथे फार उपयोगी पडतो: जेवताना, एकटे खेळताना, हाक मारल्यावर मूल काय करते याच्या दोन-तीन मिनिटांच्या चित्रफिती घ्याव्यात. रुग्णालयातील गर्दीत मूल घाबरते आणि घरचे वागणे तेथे दिसत नाही. दिवसभर मुलाला सांभाळणारी आजी असेल तर तिलाच बरोबर न्यावे. वडिलांना पुष्कळ गोष्टी ठाऊक नसतात. घरात मराठी बोलतात की दखनी की हिंदी, हे स्पष्ट सांगावे आणि त्याच भाषेत मुलाशी बोलण्याची विनंती करावी. निघताना अहवाल लेखी मागावा. कोणती श्रेणी वापरली, गुण किती आले, पुढे काय करायचे आणि पुन्हा कधी यायचे, हे त्यात असले पाहिजे. पाच मिनिटे मुलाकडे पाहून "ऑटिझम आहे" किंवा "काही नाही, मोठा झाला की बोलेल" असे तोंडी सांगणारा कोणीही असो, तेवढ्यावर थांबू नये.

निदानानंतर हमखास बरे करण्याचा दावा करणारे भेटतात. स्वमग्नता घालवणारे औषध नाही. झोप, फिट, अतिचंचलता यांसाठी डॉक्टर औषध देतात, ती वेगळी गोष्ट. मूलपेशी उपचारांसाठी लाखो रुपये घेतले जातात आणि त्यासाठी जमीन विकलेली कुटुंबे आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने २०२२ मध्येच स्वमग्नतेसाठी या उपचारांची शिफारस करता येत नाही असे स्पष्ट केले आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर अमुक शास्त्रज्ञही स्वमग्न होता, म्हणून तुमचे मूल प्रतिभावान निघेल, असे संदेश फिरतात, त्यांनाही मी याच गटात टाकतो. मुलाला शाळेत जागा मिळण्यासाठी ते आइन्स्टाइन असण्याची अट नाही.

उपयोग होतो तो लवकर आणि रोज केलेल्या कामाचा: वाचा-उपचार, व्यवसायोपचार, आणि मुख्य म्हणजे पालकांनी शिकून घेतलेली संवादाची रीत. ही रीत शिकवायला प्रत्येक वेळी मोठा तज्ज्ञच लागतो असे नाही. गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत दोन ते नऊ वर्षांच्या ६५ मुलांवर झालेला एक प्रयोग २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालक व मूल खेळत असतानाचे चित्रण केले आणि तेच पालकांना दाखवून, मूल कोठे प्रतिसाद मागत होते हे समजावले. पालकांचे प्रतिसाद सुधारले आणि मुले स्वतःहून अधिक संवाद सुरू करू लागली. आपल्या शहरातही ‘आरंभ’ हे ऑटिझम केंद्र एका स्वमग्न मुलाच्या आईच्या पुढाकारातून उभे राहिले आहे. निदानाचा अंतिम कागद हाती येईपर्यंत हे काम थांबवून ठेवण्याचे कारण नाही. मोठ्या रुग्णालयाची तारीख दोन महिन्यांनंतरची असेल, तर ते दोन महिने मुलाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून खेळण्यात घालवावेत.

तिसरी पायरी प्रमाणपत्राची, आणि येथे आपल्या समाजातील पालक सर्वाधिक अडखळतात. एका मातेने मला विचारले होते, "सर, एक शिक्का जन्मापासून कपाळावर आहेच. पोराच्या कपाळावर दुसरा कशाला?" या प्रश्नाला उडवून लावता येत नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी नावे ठेवली, त्यांना नव्या नावाची धास्ती वाटणारच. मला मात्र येथे शिक्का आणि दाखला यांत भेद करावासा वाटतो. जातीचा शिक्का समाजाने मारला. जातीचा दाखला संविधानाने दिला. शिक्का आपल्याला पाणवठ्यावरून हाकलत होता, दाखल्याने आपण नागसेनवनातल्या महाविद्यालयात पोहोचलो. दाखला फाडला म्हणून शिक्का पुसला जात नाही, फक्त हक्क जातो. मुलाचेही तसेच आहे. कागद नसला म्हणून शेजारीपाजारी त्याला नावे ठेवायचे थांबत नाहीत. ‘येडं’, ‘हट्टी’, ‘लाडावलेलं’ हे शिक्के विनाप्रमाणपत्र, फुकट मिळतात. नामांतरासाठी १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत झगडलेल्या या शहरातील माणसाला योग्य नावाचे मोल कळते.

हा दाखलाही सहज मिळालेला नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नता नव्हतीच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य करताना तिला स्पष्ट स्थान दिले. तो कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या बालकाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या किंवा पालक निवडतील त्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पुढे परीक्षेत लेखनिक व वाढीव वेळ, उच्च शिक्षणात आणि शासकीय नोकरीत आरक्षण, तसेच राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळू शकते. या विम्यासाठी आधी वैद्यकीय चाचणीची अट नाही. अर्ज ‘स्वावलंबन’ या केंद्र शासनाच्या संकेतस्थळावर करायचा, आधार व छायाचित्र जोडायचे, आणि नेमून दिलेल्या रुग्णालयात मुलाला मंडळापुढे न्यायचे. मिळणारे ओळखपत्र देशभर चालते, त्यामुळे कामासाठी परराज्यात जाणाऱ्यांनाही ते उपयोगी आहे. लहान मुलाचे प्रमाणपत्र बहुधा ठरावीक मुदतीचे असते. मुदतीची तारीख पाहून नूतनीकरणाला वेळेवर जावे. मंडळाचा निर्णय चुकीचा वाटला तर अपिलाची तरतूद कायद्यातच आहे. आणि ही टक्केवारी मुलाची किंमत नव्हे. त्याला किती आधार लागतो याचा तो शासकीय हिशोब आहे. मूल वाढेल तसा तो बदलूही शकतो.

शेवटी आपल्यासारख्या निवासी शाळेविषयी. ‘वसतिगृहात ठेवले की शिस्त लागेल आणि सुधारेल’ या आशेने काही पालक मुलाची अडचण प्रवेशाच्या वेळी सांगत नाहीत. सांगितली तर प्रवेश नाकारतील, ही भीती त्यांना असते, आणि ती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पण कायद्याने दिव्यांगत्वामुळे प्रवेश नाकारता येत नाही. न सांगण्याचा परिणाम मुलावर होतो. घंटा कर्कश वाजते, भोजनगृहात दोनशे ताटांचा आवाज होतो, मूल कान दाबून खाली बसते, आणि पहिल्याच आठवड्यात ते ‘ऐकत नाही’ असे ठरते. त्याला शिक्षा होते, मुले चिडवतात, महिन्याभरात पालकांना फोन जातो. हेच मूल अहवालासह आले असते तर त्याचे ताट गर्दीच्या आधी वाढता आले असते, पलंग दारापासून दूर देता आला असता, दिवसाचा क्रम चित्रांनी लिहून भिंतीवर लावता आला असता. रोज ठरल्या वेळी वंदना, ठरल्या वेळी जेवण, ठरल्या वेळी अभ्यास हा आपला दिनक्रम अशा काही मुलांना मानवतोही. परंतु चार-पाच वर्षांच्या, अजून न बोलणाऱ्या मुलाला कोणत्याही वसतिगृहात ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वयात त्याची भाषा घडते ती त्याला ओळखणाऱ्या माणसांच्या सहवासात, आणि ती जागा अधीक्षक भरून काढू शकत नाही. प्रवेशाचा अर्ज भरताना, मूल आपल्याकडे येवो वा अन्य शाळेत, आरोग्याच्या रकान्यात खरे लिहावे आणि तपासणीच्या अहवालाची प्रत सोबत जोडावी. मूळ कागद मात्र घरी, जातीच्या दाखल्याच्या पिशवीतच ठेवावा.